रविवारचा डबा

वर्षभराची किमची, म्हणजे कोबी-मुळ्याचं आंबवलेलं तिखट लोणचं, घालून झाली, माठ झाकले गेले, त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. ग्यू-चोल संध्याकाळी घरी आला, बूट काढले, हात धुतले आणि पानावर बसायच्या आधीच म्हणाला, "आई, मला आज भूक नाही. तुम्ही जेवून घ्या."

बोंग-निमच्या हातातला डाव पातेल्यातच थांबला. जावयाच्या तोंडून हे वाक्य तिनं आजवर ऐकलं नव्हतं. योम ग्यू-चोल गुरांचा डॉक्टर. जिनबो आणि आसपासच्या डोंगरातल्या खेड्यांत गाय अडली, वासराला हगवण लागली की याचा फोन वाजायचा. दिवसभर गोठ्यांतून राबून आलेला माणूस भूक नाही म्हणत नाही. तो उंबऱ्याशीच बाहेरचे कपडे उतरवायचा, दोनदा साबण लावून आंघोळ करायचा, मान खाली घालून भात संपवायचा आणि मग टीव्हीवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा डाव बघता बघता पेंगायचा. बोंग-निमला त्याचं एवढंच रूप माहीत. गोठ्यात तो कसा असतो, शेतकऱ्यांशी काय बोलतो, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

आज रविवार. कामाचा फोन आलेला नाही. दुपारी निळा नवा सदरा घालून गेला, अंधार पडताना आला, आणि भूक नाही.

हे शब्द बोंग-निमच्या ओळखीचे होते. तिचा नवरा बैलांचा व्यापारी. आंदोंगच्या बाजाराहून यायचा आणि म्हणायचा, भूक नाही. तिला वाटायचं, बिचारा दमला असेल. पुढं कळलं की आंदोंगला त्याचं दुसरं घर होतं आणि तिथून पोटभर जेवूनच तो निघायचा. साऱ्या गावाला ठाऊक होतं, हिला सगळ्यांत शेवटी कळलं. तेव्हापासून तिनं कुणाच्याही बोलण्यावर चटकन विश्वास ठेवला नाही. दुकानदार वजन करायला लागला की ती काट्याकडे बघायची नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघायची.

या घरात ती आली ती मुलीच्या, हे-सुकच्या, आजारपणात. मुलीला गिळवेल असं काही शिजवून घालावं म्हणून. मुलगी गेली. क्रियाकर्म झालं, पाव्हणे पांगले, नात राजधानीला, सोल शहरात, नोकरीवर परतली, आणि बोंग-निम राहिली. राहा असं ग्यू-चोल म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. तिचा मुलगा, हे-सुकहून पुष्कळ धाकटा, चांगवॉनला होता, पण त्यानं बोलावलं नव्हतं. अशी तीन वर्षं सासू आणि जावई एका छपराखाली राहत होते, आणि ह्याला काय म्हणायचं ते गावालाही ठरवता आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी ग्यू-चोल स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"आई, मुळ्याची किमची थोडी डब्यात देता का?"

"कुणाला?"

"आहे एक ओळखीचं माणूस."

माणूस. बाप्या की बाई, ते नाही. बोंग-निमनं डबा भरला, फडक्यात बांधला आणि दिला.

संध्याकाळी डबा परत आला तेव्हा त्याची गाठ वेगळी होती. तिची गाठ सैल, डोंगराकडच्या बायका मारतात तशी. ही गाठ करकचून, टोकं आत खोचलेली, जणू वाऱ्यात उडून जाईल अशी भीती. आत डबा रिकामा नव्हता. लहानसा चपटा मासा, राळ्याचा भात आणि मुळा घालून, तिखटात आंबवलेला. बोंग-निमनं दाराकडे पाठ करून बोटभर चाटून बघितला. समुद्राकाठचा हात. आणि बाप्याचा नव्हे. मुळा एका मापाचा चिरायला जी चिकाटी लागते ती तिनं एकाही बाप्यात पाहिली नव्हती.

"काय म्हणाले हो?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोण?"

"डबा खाणारे."

"चांगली होती म्हणाले." आणि तो आंघोळीला गेला.

शेजारी सांगजूवाली राहायची. तिचं खरं नाव गावात कुणाला आठवत नव्हतं. सांगजूहून लग्न होऊन आली म्हणून सांगजूवाली. ती ओसरीवर बसून घेवडा सोलताना बोंग-निमनं विषय काढला, आणि काढला तेव्हाच पस्तावली.

"अहो, मग त्यात काय," सांगजूवाली म्हणाली. "साठीही आली नाही त्याची. हातीपायी धड आहे, दारू नाही, जुगार नाही. एकटा कितीसा राहणार?"

"एकटा कुठं आहे? मी आहे की."

सांगजूवालीनं शेंगेतून वर बघितलं. "तेच म्हणते मी. नवी आली की तुम्हाला कुठं ठेवायचं, हा प्रश्न त्याच्याही डोक्यात असेल ना."

त्या दिवसापासून बोंग-निमची झोप उडाली. पण तिनं ग्यू-चोलला एका शब्दानं विचारलं नाही. नवऱ्याला विचारून बघितलं होतं तिनं, आणि त्याच्या उत्तरांनी तिचा वेळच गेला होता. ह्या खेपेला ती डब्यालाच विचारणार होती.

तिनं आंबवलेल्या सोयाबीनमध्ये मुरवलेल्या मिरच्या पाठवल्या. घरातली मुरलेली, जुनी. ह्या घरात कुणीतरी वर्षानुवर्षं बसलेलं आहे, हे सांगणाऱ्या. उत्तरादाखल वाऱ्यावर सुकवलेले मासे आले, डोकी काढून, सोलून, नुसते भाजायचे बाकी. म्हणजे समोरच्या बाईला कळलं होतं की इकडं कुणी म्हातारं आहे, नाहीतर सोलून कशाला पाठवील? की ग्यू-चोलनं सगळं सांगितलं होतं? एवढ्या वर्षांत बोंग-निमसमोर ज्याच्या तोंडातून दहा वाक्यं सलग निघाली नाहीत, तो तिथं जाऊन घरचं बोलतो?

तिला राग आला. पुढच्या रविवारी तिनं मिठात पुरलेला मुळा काढला, न धुता, न पिळता, तसाच कापून डब्यात भरला. जीभ सोलून निघाली असती. घरच्या सुनेला कुणी असं वाढलं असतं तर सून माहेरी गेली असती.

"हे थोडं खारट असतं ना?" डबा घेताना ग्यू-चोल म्हणाला.

"ज्यांना खाता येतं त्यांना येतं," बोंग-निम म्हणाली.

संध्याकाळी तोच मुळा परत आला. पाण्यात भिजवून खारटपणा उतरवलेला, कागदासारखा पातळ कापलेला, घट्ट पिळून तिळाचं तेल आणि तिखट लावलेला. बोंग-निमनं एक फोड खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग झाकण लावून डबा मागच्या फळीवर ढकलून दिला, आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. अपमान गिळून वर तो चवदार करून परत पाठवणारी बाई साधी नसते, एवढं तिला कळत होतं.

मधला माणूस मात्र आपला डबे नेत होता आणि आणत होता. त्याला वाटत होतं दोन्हीकडची माणसं प्रेमळ आहेत.

जानेवारीत एकदा जेवताना तो मध्येच म्हणाला, "आई, तुम्हाला समुद्र आवडतो का?"

"का?"

"नाही, असंच."

असंच म्हणून तो कधी काही विचारत नसे. दुसऱ्या दिवशी सांगजूवालीनं ते ऐकलं आणि जीभ चावल्यासारखं केलं. "माझ्या मावसजावेला तिच्या लेकानं अगदी हेच विचारलं होतं. समुद्र आवडतो का. म्हातारीला वाटलं फिरायला नेतोय. आता ती समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात आहे. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे, तेवढं मात्र खरं."

बोंग-निम घरी येऊन आपल्या खोलीत बसली. तिच्या सामानाची एक पेटी होती, येताना आणलेली. ती तिनं उघडली आणि बंद केली. काढून घ्यावं असं त्यात काही नव्हतं आणि भरावं असंही नव्हतं.

मग फेब्रुवारीत एका रविवारी ग्यू-चोल कुठं गेलाच नाही.

"डबा भरू का?" तिनं विचारलं.

"नको. आता नको लागणार."

आधी तिला बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. त्या दिवशी तिनं मुद्दाम कोंबडी शिजवली. ग्यू-चोल जेवला, सगळं जेवला, पण पुढ्यात काय आहे ते त्याला कळत नव्हतं. दुपारी तो अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाची छाटणी करायला चढला आणि फळं धरणाऱ्या फांद्याच तोडून खाली आला. पुढच्या रविवारी टीव्हीसमोर बसला, पण डाव संपून हवामानाच्या बातम्या लागल्या तरी उठला नाही. फोन वाजला की दचकायचा, कुणाचातरी गोठा आहे असं कळलं की खांदे पडायचे.

बोंग-निमच्या मनात आता दुसरंच काही आलं. हे-सुकही अशीच गप्प झाली होती. पोटात दुखतंय हे तिनं आईला सांगितलं नव्हतं आणि नवऱ्यालाही नाही. गाईच्या नुसत्या उभं राहण्यावरून दुखणं ओळखणारा हा, बायकोचं ओळखू शकला नव्हता. बोंग-निमला तरी कुठं ओळखता आलं होतं? तेव्हा आता हा काय लपवतोय? इस्पितळात तर जात नव्हता दर रविवारी? समुद्राकाठच्या एखाद्या बाईकडे औषध, झाडपाला असलं काही?

शेवटच्या खेपेला मासे ज्या पिशवीतून आले होते ती तिनं जपून ठेवली होती. पिशवीवर देजिन बंदरातल्या सुक्या मासळीच्या दुकानाचं नाव होतं. मार्चमध्ये, ग्यू-चोल कामावर गेलेला बघून, तिनं चांगला कोट घातला, रिकाम्या डब्याचं गाठोडं घेतलं आणि बस पकडली. योंगदोकला बस बदलून ती देजिनला उतरली तेव्हा वारा असा होता की तिला पदपथाच्या कठड्याला धरून चालावं लागलं. डब्याची गाठ करकचून का मारायची ते तिला तिथं कळलं.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढं बांबूवर ओळीनं टांगलेले चपटे मासे. रबरी बूट घातलेली, डोक्याला रुमाल गुंडाळलेली एक बाई ते उलटत होती. साठीच्या जवळपासची, रुंद, हात लालभडक.

"मासे कसे दिलेत?" बोंग-निम म्हणाली.

बाईनं भाव सांगितला. बोंग-निमनं दोन उचलून वास घेतला, परत ठेवले. "राळे घालून आंबवलेले आहेत का?"

बाईनं बरणीतून थोडं काढून दिलं. तीच चव. बोंग-निमनं सावकाश चावलं.

"मीठ कमी पडलंय जरा."

बाईचे हात थांबले. तिनं बोंग-निमला कोटापासून बुटापर्यंत न्याहाळलं. "जिनबोहून आलात?"

"कशावरून?"

"ह्या किनाऱ्यावर मला मीठ कमी पडलं असं कुणी म्हणत नाही. आणि मिठाचं म्हणाल तर, तो मुळा तुम्हीच पाठवला होतात ना?"

बाईनं एक उलटी टोपली पुढं सरकवली, तिच्यावर बसायला खूण केली आणि स्वतः उभीच राहिली.

"त्यांच्या आई का तुम्ही?"

"सासू."

बाईच्या चेहऱ्यावर काहीतरी खटकन बंद झालं. "सासू," ती म्हणाली. "म्हणजे बायको आहे घरी. मी म्हणतच होते."

बोंग-निमला आधी कळलंच नाही. मग कळलं. ह्या बाईला वाटत होतं हे-सुक जिवंत आहे. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. तेवढंही नको, गप्प बसून, मासे घेऊन परत गेली असती तरी झालं असतं. ग्यू-चोल पुन्हा इथं आला नसता, समुद्राचं नाव निघालं नसतं, सांगजूवालीचं तोंड बंद झालं असतं. आणि हे-सुक ह्या वाऱ्यातल्या शेडमध्ये कुणाच्यातरी डोक्यात का होईना, जिवंत राहिली असती. घरात भात लावत असती, नवऱ्याची वाट बघत असती. बोंग-निमला ते इतकं नीट दिसलं की तिला क्षणभर ते मोडवेना.

बाई वाट बघत उभी होती. तिच्या ओल्या हातांतून पाणी ठिबकत होतं.

"होती," बोंग-निम म्हणाली. "माझी लेक. तीन वर्षं झाली जाऊन."

मुलगी गेल्यापासून हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. जिनबोत सगळ्यांना आधीच माहीत होतं, सांगायची वेळच आली नव्हती.

बाई दुसऱ्या टोपलीवर बसली. तिचं नाव युन-रे. नवरा बोटीवर गेला होता तो परत आला नव्हता, त्याला आता फार वर्षं झाली. मग ती बोलायला लागली, आणि ते बोलणं बोंग-निमला ऐकावंच लागलं.

"येऊन त्या धक्क्यावर बसायचा. मासे धरत नाही, फोटो काढत नाही, नुसता बसतो. मी एकदा गरम सार दिलं. मग यायला लागला. विचारलं कुठून येता, तर म्हणाला जिनबोहून. आता जिनबोत काय आहे, मोठा तुरुंग आहे. हात बघितलेत त्याचे? घासून घासून सालपटं निघालेली. मला वाटलं हा एकतर तिथं पहारेकरी आहे, नाहीतर तिथून सुटलेला आहे. काम काय करता, तर म्हणे जनावरांचं. मी म्हटलं, खाटीक? तर म्हणे, नाही, तसं नाही. मग कसं, ते सांगेना."

"गुरांचा डॉक्टर आहे."

"डॉक्टर?" युन-रेनं हे तपासून बघितल्यासारखं तिच्याकडे बघितलं. "मग लपवायचं कशाला?"

बोंग-निमला उत्तर येत होतं, हे तिचं तिलाच नवल वाटलं. "आमच्याकडे लग्नाला गेला तरी लोक जेवणावरून उठवून गाय दाखवायला नेतात. इथं गुरं नसतील म्हणून येत असेल."

"बायको गेली म्हणाला होता," युन-रे म्हणाली. "पण मग ते डबे. बाईमाणूस नसलेल्या घरातून असा डबा येतो का तुम्हीच सांगा. कुणी केलं विचारलं तर म्हणे घरी केलं. घरी कुणी? तर गप्प. मी म्हटलं, खरं काय ते सांगायचं नसेल तर येऊ नका. तर आलाच नाही."

"असाच आहे. सांगितलं की ऐकतो."

युन-रेनं बरणीचं झाकण लावलं. मग युन-रे म्हणाली, "आईंना एकदा इकडं आणतो म्हणाला होता. मला वाटलं त्याची आई."

बोंग-निमनं तिच्या डोळ्यांत बघितलं. हे खरं होतं, की म्हातारीची समजूत काढायला आत्ता सुचलेलं? कळायला मार्ग नव्हता. तिनं मासे घेतले, पैसे दिले, युन-रे नको म्हणत होती तरी दिले, आणि बसकडे निघाली.

जिनबोच्या थांब्यावर ग्यू-चोल उभा होता. गोठ्यातल्या बुटांत, अंगावर शेणाचे डाग, तसाच. हा माणूस ह्या अवतारात घराच्या आत कधी आला नव्हता; बोंग-निमनं त्याला असं पहिल्यांदाच बघितलं.

"सांगजूवाली म्हणाली तुम्ही गाठोडं घेऊन बसमध्ये चढलात," तो म्हणाला. "मी चांगवॉनला फोन केला. तिथं नव्हतात."

"चांगवॉनला कशाला जाईन मी?"

"मला वाटलं, गेलात. मला दर हिवाळ्यात वाटतं, आता जाल."

बोंग-निम तिथंच बाकावर बसली. "तुम्ही मला वृद्धाश्रमात ठेवणार होतात ना? समुद्राकाठी?"

त्यानं तिच्याकडे असं बघितलं की त्याला शब्दच कळला नसावा. "कुणाला?"

"मला."

"का?"

तो दर हिवाळ्यात तिच्या जाण्याची भीती बाळगून होता आणि ती ह्या हिवाळ्यात त्याच्या पाठवण्याची, आणि दोघं रोज एकाच पातेल्यातलं सार पीत होते. तिला हसूही आलं नाही आणि रडूही.

"ती खाटीक समजत होती तुम्हाला," ती म्हणाली. "तुरुंगातून सुटलेला खाटीक."

ग्यू-चोलचे कान लाल झाले. "तुम्ही तिकडं गेला होतात?"

"मासे आणायला गेले होते. रविवारी जा आणि सगळं सांगा. नाव, काम, घरी कोण आहे, सगळं. आणि डबा मी भरीन. तुम्ही नुसते घेऊन जा."

तो गेला. त्यानं काय सांगितलं ते बोंग-निमला कळलं नाही, पण परत आला तेव्हा तिकडं जेवलोय असं सरळ सांगून तो अर्धंच ताट जेवला, आणि हे तिला पुरेसं खरं वाटलं. त्यानंतर तो जात राहिला. कधी तिलाही घेऊन जायचा. लग्न करायचा विचार त्या दोघांच्यात झाला की नाही, ठाऊक नाही. युन-रे म्हणायची की समुद्राचा वारा नाही तिथं तिला झोप येत नाही. ते खरं, की तिला जिनबोच नको होतं, ह्यावर बोंग-निमनं बराच विचार केला. शेडमध्ये दोघी शेजारी बसून मुळा चिरायच्या तेव्हाही तिची नजर युन-रेच्या हातावर असायची, आणि युन-रेची तिच्यावर.

सांगजूवालीनं एकदा विचारलं, "ती तुमची आता कोण लागते हो?"

"जावयाची ओळखीची," बोंग-निम म्हणाली.

पुढच्या नववर्षाच्या सणाला चांगवॉनहून मुलाचा फोन आला. आता तुम्ही इकडंच या, म्हणाला, खोली रिकामी केली आहे. बोंग-निमला लगेच आठवलं की सुनेला दुसरं बाळ व्हायचंय, आणि ते सांभाळायला माणूस लागणार.

"नको रे," ती फोनवर म्हणाली. "इथं जावईबापूंना थंडीत खोकला होतो. कुणीतरी लागतं बघायला."

शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता; त्याचा आवाज हळूहळू कमी होत अगदी बंद झाला. ग्यू-चोलला खोकला कधीच होत नव्हता. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून तो एकदा खोकला, फारसं जमलं नाही, मग टीव्ही पुन्हा सुरू झाला.